संगणक कोसळला, नोंदी वाचवायच्या कशा?

19 जुलै 2024 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 9.39 वाजता क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी एक छोटी फाइल प्रसृत केली. त्या फाइलला माहितीचे 21 घटक अपेक्षित होते. ती वाचणारी आज्ञावली मात्र 20च पुरवीत होती. एकविसावा घटक शोधताना आज्ञावली मेमरीतील भलत्याच जागी पोहोचली. ती विंडोजच्या गाभ्यात चालणारी असल्याने तिच्यासोबत संपूर्ण प्रणालीच कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख संगणक बाधित झाले. आपल्याकडील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

सदोष फाइल 78 मिनिटांत मागे घेतली गेली; पण सुरू होतानाच कोसळणाऱ्या यंत्रापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी? बोंडात शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत फवारा पोहोचत नाही, तसेच हे. अखेर तंत्रज्ञांनी एकेका यंत्रापुढे बसून ती फाइल हाताने काढली.

आमच्या विभागातील प्रसंग याहून पुष्कळ लहान, पण आमच्यापुरता गंभीर होता. कामगंध सापळ्यांच्या नोंदींचा संगणक वीज अचानक गेल्याने बंद पडला आणि नंतर विंडोजचे चिन्ह दाखवून पुनःपुन्हा कोसळू लागला. प्रति सापळा आठ पतंग सलग तीन रात्री आढळले की गुलाबी बोंडअळीसाठी उपाययोजनेचा सल्ला द्यायचा असतो. आमचा सल्ला दुसऱ्या दिवशी जायचा होता आणि आकडे त्या यंत्रात अडकलेले.

विंडोज नव्याने टाकावे, असे एका सहकाऱ्याने सुचविले. मी नकार दिला. नोंदी हाती येईपर्यंत डिस्कवर काहीही नवे लिहू नये, हा येथील पहिला नियम. डिस्क दुरुस्त करणारी चेकडिस्क आज्ञासुद्धा नंतरच चालवावी. ती डिस्कची रचना सावरते, त्या प्रयत्नात एखादी जखमी फाइल तुटण्याचा संभव असतो.

सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला की विंडोज बहुधा स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवते. तेथील प्रगत पर्यायांतून सेफ मोड निवडल्यास केवळ अत्यावश्यक आज्ञावल्या चालतात. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्याच संगणकात जपून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत! ती कागदावर लिहून कपाटात ठेवावी. सेफ मोडही न उघडल्यास डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. डिस्कमधून खटखट आवाज येत असल्यास मात्र यंत्र तत्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावे.

आमचा सेफ मोड उघडला. सर्व नोंदी बाह्य डिस्कवर उतरविल्या आणि मगच सिस्टिम फाइल चेकर चालविला. त्याने बिघडलेल्या प्रणाली-फाइल बदलल्या व विंडोज सुरू झाले. वीज गेली त्या क्षणी उघडी असलेली चालू आठवड्याची फाइल मात्र वाचली नाही. ते आकडे क्षेत्र-साहाय्यकाच्या पेन्सिलीने लिहिलेल्या वहीतून पुन्हा भरले. एका रात्रीचे पान पावसाने पुसले होते. तेथे सरासरी भरण्याचा मोह आवरून आम्ही ‘नोंद नाही’ असे लिहिले, सलग रात्रींची मोजणी नव्याने सुरू केली आणि सल्ला तीन दिवस लांबविला.