पाकट आणि शिंपी

कंबोडिया देशातून मेकाँग नावाची मोठी नदी वाहते. २०२२ सालच्या जून महिन्यात या नदीत, देशाच्या उत्तरेकडील स्टुंग त्रेंग प्रांतात, एका कोळ्याच्या गळाला एक प्रचंड मासा लागला. तो पाकट होता. कोकणात समुद्रातील पाकट सर्वांच्या परिचयाचा आहे. हा मात्र गोड्या पाण्यात राहणारा. दहाबारा माणसांनी तो काठावर ओढून आणला. वजन भरले ३०० किलो! शेपटीसह लांबी जवळजवळ ४ मीटर. गोड्या पाण्यातील इतका मोठा मासा पूर्वी कोणी तोलल्याची नोंद नव्हती. ती मादी होती. तिच्या वाटोळ्या शरीरावरून तिला 'बोरामी', म्हणजे पूर्णचंद्र, असे नाव मिळाले.

याच नदीच्या काठी नॉम पेन्ह ही राजधानी आहे. तेथील झुडुपांत एक चिमुकला गाणारा पक्षी राहतो. आपल्या परसात पाने शिवून घरटे करणाऱ्या शिंपी पक्ष्याचा हा भाऊबंद. राखी अंग, काळा गळा आणि डोक्यावर तांबूस टोपी. आपल्याकडील शिंप्याचे वजन दहा ग्रॅमांपलीकडे सहसा जात नाही. तराजूच्या एका पारड्यात बोरामी ठेवली, तर दुसऱ्यात असे तीस हजार शिंपी तरी बसवावे लागतील!

पण लपण्याच्या विद्येत दोघेही सारखेच निपुण. पाकटाचे शरीर थाळीसारखे चपटे. तोंड व कल्ले खालच्या अंगास असल्यामुळे वाळूत रुतून बसल्यावर त्याने श्वास कसा घ्यावा? त्यासाठी डोळ्यांमागे, वरच्या अंगास, दोन छिद्रे असतात. त्यांतून तो स्वच्छ पाणी आत घेतो आणि गढूळ तळाशी निवांत पडून राहतो. पक्ष्याचे नवल त्याहून मोठे. लाखो माणसांच्या शहरात राहूनही २००९ सालापर्यंत तो शास्त्रज्ञांच्या नजरेस पडला नव्हता! त्या वर्षी पक्ष्यांच्या साथीच्या रोगाची तपासणी चालू असताना तो प्रथम आढळला, आणि २०१३ साली ही स्वतंत्र जात असल्याचे जाहीर झाले. पूरमैदानातील दाट, ओलसर झुडुपांत शिरून पाहावे असे तोवर कोणाला वाटलेच नव्हते.

आता ती झुडुपे तोडून तेथे घरे आणि शेते होत आहेत. नदीतील मोठे पाकटही विरळ झाले आहेत. कोळ्याला बाजारभावाने पैसे देऊन शास्त्रज्ञांनी बोरामीला पुन्हा पाण्यात सोडले. सोडण्यापूर्वी तिच्या अंगावर खुणेचे ध्वनी देणारे एक लहानसे यंत्र बसविले. ती नदीत कोठे कोठे हिंडते, हे त्यावरून कळावे असा त्यांचा हेतू होता.