लेखांक सातवा : आत्मवाचक सर्वनामे – इंग्रजी, पोर्तुगीज आणि आपले ‘आपण’

गेल्या आठवड्याच्या लेखांकात पुरुषवाचक सर्वनामांचे विवेचन पुरे झाले. आता त्यांच्याच कुळातील, परंतु स्वभावाने सर्वस्वी भिन्न अशा आत्मवाचक सर्वनामांकडे वळावयाचे आहे. कर्त्याने केलेली क्रिया फिरून कर्त्यावरच येते तेव्हा योजावयाचे ते आत्मवाचक सर्वनाम, एवढी व्याख्या आपल्या शालेय व्याकरणांत असते. इंग्रजीच्या जोडीला पोर्तुगीज का घ्यावी, असा प्रश्न आमगावसारख्या, समुद्रापासून इतक्या दूरच्या गावातील वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या जोडीला आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातच आधार आहे. १५४९ साली इंग्लंडात जन्मलेले आणि १५७९ साली गोव्यास उतरलेले जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, आणि गोव्याच्या लोकभाषेचे त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, राशोल येथे मुद्रित झाले. ज्याची मातृभाषा इंग्रजी, ज्याच्या व्याकरणाची भाषा पोर्तुगीज आणि ज्याच्या अभ्यासाचा विषय आपल्या कुळातील भाषा, अशा त्या पुरुषाने ज्या तीन भाषा एका मेजावर आणल्या, त्या आपणही शेजारी ठेवून पाहण्यास हरकत नाही.

इंग्रजीचा ‘सेल्फ’ हा प्रारंभी केवळ जोर देणारा शब्द होता. जुन्या इंग्रजीत ‘त्याने त्याला धुतले’ एवढ्या साध्या सर्वनामानेही ‘त्याने स्वतःला धुतले’ हा अर्थ होऊ शकत असे. पुढे तो सर्वनामाला कायमचा चिकटला आणि एकाच ‘मायसेल्फ’वर तीन कामे येऊन पडली. ‘मी स्वतःला कापून घेतले’ येथे तो कर्म आहे. ‘हे मी स्वतः केले’ येथे तो केवळ जोर देतो. आणि आधी ‘बाय’ लागला की ‘मी एकट्याने’ असा तिसराच अर्थ निघतो. पोर्तुगीज ही तीन कामे तीन निराळ्या शब्दांकडे सोपवते. कर्मासाठी ‘मे’, ‘ते’, ‘से’, ‘नोस’ ही लहान सर्वनामे, जोरासाठी ‘मेस्मो’ किंवा ‘प्रोप्रियो’, आणि एकटेपणासाठी ‘सोझिन्यो’. शेवटचे तिन्ही शब्द लिंगवचनानुसार बदलतात, म्हणजे बोलणारी स्त्री असेल तर ‘मेस्मा’, ‘सोझिन्या’ असे म्हणते. मराठीची वाटणी पाहिली तर ती पोर्तुगीजच्याच वळणाची आहे : ‘स्वतःला’, ‘स्वतः’, आणि ‘एकटा’-‘एकटी’. म्हणूनच इंग्रजीवरून मराठीत उतरवताना प्रत्येक ‘सेल्फ’पुढे ‘स्वतः’ मांडणारा अनुवादक फसतो. पाहुण्याला इंग्रज ‘हेल्प युवरसेल्फ’ म्हणतो, पोर्तुगीज ‘सिर्व्हा-से’ म्हणतो, आणि आपण ‘लाजू नका, हाताने घ्या’ म्हणतो. तेथे ‘स्वतःला मदत करा’ म्हणणारा यजमान आपल्याकडे अद्याप निपजलेला नाही, आणि निपजू नये.

खरा विचार करण्याजोगा भाग याच्या पुढचा आहे. पोर्तुगीजमध्ये उठणे, बसणे, आठवणे, विसरणे, पस्तावणे, गाऱ्हाणे करणे, अशा असंख्य क्रियांना हे लहान सर्वनाम लागते. ‘मी उठतो’ हे ‘लेव्हांतो-मे’, अक्षरशः ‘मला उठवतो’. ‘माझे नाव अमुक’ हे ‘शामो-मे’, म्हणजे ‘मला अमुक म्हणतो’. पस्तावण्याला तर ‘आर्रेपेंदेर-से’ असेच रूप आहे. त्यातले ‘से’ काढले तर क्रियापदच उरत नाही. याचे कारण त्या भाषेच्या घडणीत आहे. पोर्तुगीज मूळ क्रिया सकर्मक धरते, उठवणे, बसवणे, आणि त्या क्रियेची दिशा कर्त्याकडे वळवून तीतून उठणे, बसणे मिळवते. मराठीचा प्रवास नेमका उलट आहे : आपण ‘उठणे’, ‘बसणे’ ही अकर्मक रूपे मूळ धरतो आणि ‘व’ घालून ‘उठवणे’, ‘बसवणे’ घडवतो. म्हणून आपल्याला उठताबसता ‘स्वतः’ लागत नाही. इंग्रजी मात्र पुष्कळदा एकाच रूपावर दोन्ही अर्थ भागवते, धुणे म्हणजे अंग धुणेही आणि कपडे धुणेही, आणि संदर्भावर भार टाकून मोकळी होते.

संस्कृतने हाच प्रश्न तिसऱ्याच मार्गाने सोडवला होता आणि त्याची आठवण आमगावात होणे क्रमप्राप्त आहे, कारण भवभूतीने आपले मूळ गाव म्हणून सांगितलेले विदर्भातील पद्मपूर ते आमगावजवळचेच पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले, आणि येथील महाविद्यालयही त्या महाकवीचेच नाव धारण करून आहे. क्रियेचे फळ कर्त्याच्या पदरी पडत असेल तर आत्मनेपद, दुसऱ्याच्या पदरी पडत असेल तर परस्मैपद, असा विवेक पाणिनीने अष्टाध्यायीच्या १.३.७२ या सूत्रात सांगितला आहे. यजमानासाठी यज्ञ करणारा ऋत्विज ‘यजति’, स्वतःसाठी करणारा ‘यजते’. पोर्तुगीज जे सर्वनामाने साधते, ते संस्कृत क्रियापदाच्या प्रत्ययाने साधत असे. तो प्रत्यय प्राकृतांतून जात जात गळून पडला. ‘आत्मन्’ हा शब्द मात्र ‘अप्पा’, ‘अप्पाण’ अशा रूपांनी झिजत झिजत आपल्या तोंडी ‘आपण’ होऊन राहिला.

या ‘आपण’ची योग्यता आपल्याला पुरती उमगलेली नाही, असे मला वाटते. फिर्यादीची जबानी घ्या. ‘फिर्यादीने सांगितले की, आरोपी आला तेव्हा आपण दारू प्यालेलो नव्हतो.’ येथे शुद्धीवर कोण होता याविषयी तिळमात्र संदेह नाही, तो फिर्यादी. ‘आपण’च्या जागी ‘तो’ घाला आणि ‘प्यालेला नव्हता’ म्हणा, की तत्काळ शुद्धीवर असलेला इसम आरोपी होतो. हेच वाक्य इंग्रजीत उतरवले तर ‘ही’ कोणाचा, हे ठरवणे वकिलांच्या वादावर सोडावे लागते. पोर्तुगीज तर अशा ठिकाणी सर्वनामच गाळते आणि तृतीयपुरुषी क्रियापद तेवढे ठेवते, ते दोघांनाही सारखेच लागू पडते. दूरच्या वाक्यातील बोलणाऱ्याचा हात न सोडणारे असे सर्वनाम पदरी असताना दफ्तरी मराठीने ‘सदर इसम’, ‘मजकूर इसम’ यांची फौज कशासाठी बाळगावी, हे मला अनाकलनीय आहे.

तीच गोष्ट ‘आपला’ची. ‘पाटलाने भावाला आपल्या शेतात नेले’ म्हटले की शेत पाटलाचे. ‘त्याच्या शेतात’ म्हटले की भावाचे. इंग्रजीत दोन्हींना ‘हिज’. पोर्तुगीजचे ‘सेउ’ त्याहूनही सैल आहे, ते त्याचे, तिचे, त्यांचे आणि तुमचेही असू शकते. म्हणून ‘देले’, ‘देला’ अशी पुरवणी जोडून पुरुष की स्त्री एवढे तरी ठरवतात, पण दोन पुरुषांपैकी कोणता, हे तेवढ्याने ठरत नाही. मराठीत ‘आपला’ची सोय असूनही ‘मंत्र्यांनी त्यांच्या भाषणात सांगितले’ असे वृत्तलेखन आज सर्रास होते, आणि भाषण दुसऱ्याच कोणाचे असावे असा वाचकाला क्षणभर भास होतो. हे इंग्रजी वाक्याचे ओझे आहे. ते उतरवलेच पाहिजे. मात्र प्रथमपुरुषी वाक्यात मराठीची रीत निराळी आहे. आमगावातून एक रस्ता लांजीकडे मध्य प्रदेशात जातो, हावड्याचा लोहमार्ग छत्तीसगडात शिरतो, बाजारात मराठी, हिंदी आणि पोवारी एकाच पथारीवर ऐकू येतात. तेथे ‘मैं मेरे घर जा रहा हूँ’ असे म्हणणारा मराठी भाषक चटकन ओळखू येतो, कारण हिंदीला तेथे ‘अपने’च हवे असते आणि मराठीत ‘मी माझ्या घरी जातो’ हेच सरळ आहे. ‘मी आपल्या घरी जातो’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला ते घर त्याचेही वाटू लागते.

‘आपला’चा आणखी एक प्रयोग आहे, जो कोणाच्याही मालकीशी संबंध ठेवत नाही. ‘मी आपला गप्प बसलो’, ‘ती आपली चालत राहिली’, ‘तो आपला निघून गेला’. यात कर्त्याचे आपल्याच तंद्रीत, कोणाच्या अध्यातमध्यात न पडता वागणे सूचित होते, आणि इंग्रजीच्या कोणत्याही ‘सेल्फ’ने ती छटा उतरत नाही. पोर्तुगीजमध्ये मात्र नुसता ‘फोइ’ म्हणजे ‘गेला’, आणि ‘फोइ-से एंबोरा’ म्हणजे उठून चालता झाला. तेथील ‘से’ कोणाचेही कर्म नाही, तरी ते काढले की जाण्यातला तो अलिप्तपणा उणावतो. हा प्रयोग आपल्या ‘तो आपला निघून गेला’च्या बराच जवळ येतो. ‘एकमेकांना’, ‘परस्परांशी’ आणि ‘आपापसांत’ या अर्थीही पोर्तुगीज हेच ‘से’ राबवते; त्याचा परामर्श पुढील लेखांकात घेऊ.