शाळा सुटल्यानंतरची शाळा

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहराच्या कडेला गुगुलेथू नावाची वस्ती आहे. खोसा भाषेत या नावाचा अर्थ 'आमचा अभिमान' असा होतो. वर्णद्वेषी राजवटीने कृष्णवर्णीयांना शहरातून हुसकून ज्या वस्त्यांत नेऊन वसवले, त्यांपैकी ही एक. २५ ऑगस्ट १९९३ रोजी येथेच एमी बील या २६ वर्षांच्या अमेरिकन तरुणीची जमावाने दगड आणि सुऱ्यांनी हत्या केली.

एमी स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवीधर. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ती वेस्टर्न केप विद्यापीठात अभ्यासासाठी आली होती. देशातील सर्वांसाठी खुली असलेली पहिली निवडणूक तोंडावर आली होती आणि आयुष्यात प्रथमच मत देणाऱ्यांना त्यासाठी तयार करण्याच्या कामात ती सहभागी झाली होती. दोन दिवसांनी ती मायदेशी परतणार होती. त्या दुपारी सहकाऱ्यांना घरी सोडण्यासाठी तिने मोटार वस्तीत आणली. जमावाला तिचा गोरा वर्ण तेवढा दिसला. ही आपल्यातलीच आहे, असे सोबतचे लोक ओरडून सांगत राहिले. कोणी ऐकले नाही.

चार तरुण दोषी ठरले. प्रत्येकाला १८ वर्षांची शिक्षा झाली. पुढे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य व सलोखा आयोग नेमला गेला, तेव्हा चौघांनी त्याच्याकडे माफीचा अर्ज केला. आयोगाची अट लक्षात घेण्याजोगी आहे. कृत्यामागे राजकीय हेतू असावा आणि घडलेले सारे काही न लपवता सर्वांसमोर सांगावे, एवढेच बंधन होते. पश्चात्ताप दाखवण्याची सक्ती नव्हती. जैन परंपरेतील आलोचनेशी परिचित असणाऱ्यांना यातील अर्धी वाट ओळखीची वाटेल. शल्य मनात ठेवून केलेली आलोचना ही आलोचनाच नव्हे, असे आपले आचार्य सांगत आले.

१९९७ च्या सुनावणीला एमीचे वडील पीटर आणि आई लिंडा कॅलिफोर्नियाहून आले. त्यांनी माफीला विरोध केला नाही. ज्या सलोख्यासाठी लेक झटली, त्याच्या आड तिचेच आईवडील कसे येणार, हा त्यांचा विचार होता. आरोपींच्या कुटुंबीयांशीही त्यांनी हस्तांदोलन केले. १९९८ मध्ये चौघे सुटले. हा निर्णय अनेकांना पटला नाही, आणि ते स्वाभाविकच होते. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' किंवा क्षमावाणीला 'उत्तम क्षमा' म्हणणाऱ्या घरांतही दुकानाच्या वाटणीवरून भावाभावांचे दावे वर्षानुवर्षे चालतात. ज्याच्याशी कधी वाद झालाच नाही, त्याला मात्र क्षमापनेचा निरोप आठवणीने जातो. येथे तर लेकीचा जीव गेलेला होता.

याच काळात, १९९७ मध्ये, बील दांपत्याने केपटाऊनमध्ये एमीच्या नावे न्यास स्थापन केला. वस्तीतील शाळा दुपारी सुटते, आईबाप शहरात कामाला गेलेले असतात आणि रस्त्यावर टोळ्या वाट पाहत असतात. मुले हाताबाहेर जातात ती या चार तासांत. न्यासाने नेमकी हीच वेळ निवडली. वस्तीतल्याच शाळांच्या रिकाम्या वर्गांत शाळा सुटल्यानंतरची शाळा भरू लागली: वाचन, संगीत, नृत्य, चित्रकला, खेळ, एड्सविषयी शिक्षण. स्मारक म्हणून भव्य इमारत बांधण्यापेक्षा ही वाट अवघड असते. संगमरवरी पाटीसाठी देणगीदार लवकर मिळतो. संगीतशिक्षकाच्या दरमहाच्या पगारावर कोणाचे नाव कोरता येत नाही. न्यासाने बेकरीचा व्यवसायही करून पाहिला आणि 'एमीज ब्रेड' या नावाचा पाव वस्त्यांत विकला. व्यापारी घरांना हा हिशेब चटकन समजेल: दानाची गंगाजळी कधीतरी आटतेच, म्हणून शाळेच्या खर्चाला विक्रीचा आधार हवा.

सुटलेल्या चौघांपैकी दोघांनी पुढे बील दांपत्याची भेट घेतली आणि काही काळाने ते याच न्यासात कामाला लागले. लिंडांना ते 'मखुलू', म्हणजे आजी, म्हणत. ज्यांच्या हातून लेक गेली, त्यांच्याच हाती लेकीच्या नावाचे काम सोपवायचे, ही गोष्ट एका दिवसात घडलेली नाही. लिंडा स्वतः क्षमा आणि सलोखा यांत फरक करीत. क्षमा आपल्यापुरती, आपले ओझे उतरवण्यासाठी; सलोख्यासाठी मात्र समोरच्यासोबत रोज राबावे लागते, असे त्यांचे मत होते.

सिंदिवे मगोना या लेखिकेने १९९८ मध्ये या घटनेवर 'मदर टू मदर' ही कादंबरी लिहिली. त्यात मारेकऱ्याची आई मृत मुलीच्या आईशी बोलते. २००२ मध्ये पीटर यांचे निधन झाले. लिंडांनी काम चालू ठेवले आणि २००८ मध्ये दक्षिण आफ्रिका सरकारने त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला. न्यास आता 'एमी फाउंडेशन' या नावाने ओळखला जातो. दुपारची घंटा झाली की वस्तीतील मुले दप्तर घेऊन घरी न जाता त्याच्या वर्गांकडे वळतात.