टिकणारी खूण

घरातली जुनी भांडी एकदा उलटीसुलटी करून पहा. एखाद्या पितळी पातेल्याच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले नाव सापडेल. शेजारी लग्नाची तारीख आणि 'सप्रेम भेट' हे शब्दही असतील. छिन्नी आणि छोट्या हातोडीने घातलेले हे नाव राख, चिंच, काथ्या यांनी रोज घासूनही पन्नास-साठ वर्षे टिकते. स्टीलची भांडी आल्यावर हातोडीची जागा विजेवर थरथरणाऱ्या टोकदार लेखणीने घेतली. आता पुष्कळ ठिकाणी हे काम लेसर करतो.

त्याच भांड्यावर कारखान्याने चिकटवलेला कागद पहिल्या धुण्यात निघतो आणि रंगाने लिहिलेले नाव वर्षभरात पुसट होते. मग काही खुणा टिकतात आणि काही टिकत नाहीत, याचे कारण काय? लेसरच्या खुणेचा विचार या प्रश्नापासून सुरू केला, तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. त्यातल्या काही शाळेत, लेसरशिवाय, करूनही पाहता येतात.

खूण टिकते ती कशाने?

कायमची खूण करण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे पदार्थ काढून टाकणे किंवा दाबून खोलगट करणे. शिलाहार राजांचे ताम्रपट आठ-नऊशे वर्षांनंतरही वाचता येतात ते यामुळेच. दुसरा मार्ग म्हणजे पृष्ठभागाचा पदार्थच बदलणे. लाकडाचा कोळसा होतो, पोलादावर ऑक्साइडचा थर चढतो. तिसरा मार्ग म्हणजे बाहेरचा पदार्थ वितळवून पृष्ठभागात मुरवणे. कपबशीवरची नक्षी भट्टीत भाजतात, ती अशी.

दुसरा मार्ग वर्गात सहज दाखवता येतो. दाढीचे जुने पाते चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर हळूहळू तापवा. त्यावर आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळी आणि शेवटी निळी छटा येते. साध्या पोलादावर पिवळी छटा साधारण २३० अंश सेल्सिअसला आणि निळी ३०० अंशांच्या आसपास दिसते. (पात्याच्या पोलादात क्रोमिअम असले, तर याच छटा आणखी वरच्या तापमानाला येतात.) पात्यावर रंग कोणीही लावलेला नाही. ऑक्साइडचा थर जसा जाड होत जातो, तसा त्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. लेसरने स्टीलवर रंगीत अक्षरे उमटवतात, त्यामागे हेच तत्त्व असते.

भिंग आणि लेसर

तीनही मार्गांना ऊर्जा लागते, आणि ती नेमक्या जागी लागते. उन्हात भिंग धरून कागद जाळण्याचा प्रयोग प्रत्येकाने केलेला असतो. त्याचा हिशेब करू या.

भर दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट शक्ती पडते. ५ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगावर त्यातले सुमारे २ वॅट येतात. भिंगाचे केंद्रांतर १५ सेंटिमीटर असेल, तर सूर्याची प्रतिमा सुमारे १.४ मिलिमीटर व्यासाची पडते. तिचे क्षेत्रफळ दीड चौरस मिलिमीटर. काचेत थोडा प्रकाश वाया जातो हे धरले, तर दर चौरस मिलिमीटरला सव्वा वॅट मिळतो. कागद काळा पडायला तेवढा पुरतो.

आता ५ वॅटचा छोटा निळा डायोड लेसर घ्या. त्याची शक्ती रात्री लावतो त्या बारीक दिव्याएवढीच. पण त्याचा झोत ०.१ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या ठिपक्यावर आणता येतो. म्हणजे ५ वॅट, ०.०१ चौरस मिलिमीटरवर. भागाकार करा: दर चौरस मिलिमीटरला ५०० वॅट! भिंगाच्या सुमारे चारशे पट. सूर्याची प्रतिमा भिंगाने हव्या तेवढ्या लहान ठिपक्यात आणता येत नाही, कारण सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो. लेसरचे किरण जवळजवळ समांतर असल्यामुळे त्याला ही अडचण येत नाही.

पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाचा स्फटिक वापरून चालवला. लाकूड, चामडे, ॲक्रिलिक यांवर कोरीवकाम करणाऱ्या बहुतेक मोठ्या यंत्रांत मात्र कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर असतो. तो १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार पटेल यांनी शोधला. पटेल यांचा जन्म बारामतीचा, आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पुण्यात घेतली. ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे.

प्रकाश शोषला गेला तरच

झोत कितीही तीव्र असला, तरी तो परतला किंवा आरपार गेला तर वस्तू तापणार नाही. यंत्र विकत घेणारे हौशी लोक पहिल्यांदा इथेच अडखळतात.

हुपरीच्या चांदीचे उदाहरण घ्या. चकचकीत चांदी दृश्य प्रकाशाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग परतवते. म्हणून तर तिचा आरसा होतो, आणि म्हणूनच छोट्या लेसरने तिच्यावर काही उमटत नाही. सोने निळा प्रकाश बराचसा शोषते, त्यामुळे ते पिवळे दिसते. निळ्या लेसरचा झोत साध्या काचेतून आरपार जातो. कार्बन डायऑक्साइड लेसरचा प्रकाश १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा, अवरक्त असतो. डोळ्यांना पारदर्शक दिसणारी काच त्याला अपारदर्शक असते, म्हणून हा लेसर काचेवर थेट कोरू शकतो.

गुजरीतून घेतलेला सोन्याचा दागिना भिंगाखाली धरला, तर हॉलमार्कच्या चिन्हाशेजारी अक्षरे व अंक मिळून सहा जागांचा एक क्रमांक दिसतो. हा क्रमांक २०२१ साली सुरू झाला. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीच्या क्षेत्रात त्याच्याशिवाय दागिना विकता येत नाही. अशा बारीक खुणांसाठी जे लेसर वापरतात, ते प्रकाश सलग न सोडता सेकंदाच्या कोटीव्या भागाएवढ्या छोट्या स्पंदांत सोडतात. उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच ठिपक्याएवढा धातू उडून जातो. ही यंत्रे महाग असतात. मग स्वस्त यंत्र असलेल्याने काय करावे?

स्वस्त लेपांची युक्ती

उत्तर सोपे आहे. वस्तू प्रकाश शोषत नसेल, तर शोषणारा लेप तिच्यावर लावावा.

पारदर्शक काचेवर काळ्या पोस्टर रंगाचा पातळ हात दिला, की निळा झोत त्या लेपात अडतो. लेप तापतो, त्याला चिकटलेल्या काचेला बारीक तडे जातात आणि रंग धुतल्यावर दुधी अक्षरे उरतात. हा पहिला मार्ग झाला.

पांढऱ्या झिलईच्या टाइलवर साधा पांढरा रंग लावतात. पांढऱ्यावर पांढरा कशासाठी, असे वाटेल. पण बाजारातल्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतो. झोताखाली रंगातला कार्बनी भाग जळतो, टायटॅनियम डायऑक्साइडमधला काही ऑक्सिजन निघून जातो व तो काळपट होतो. त्याच क्षणी खालची झिलई वितळून त्याला धरून ठेवते. उरलेला रंग थिनरने पुसला, की काळे चित्र राहते आणि ते घासणीने जात नाही. हा तिसरा मार्ग.

स्टीलवर काही जण कारखान्यात वंगण म्हणून वापरला जाणारा मॉलिब्डेनम डायसल्फाइड फवारतात. काही जण चक्क खाण्याच्या मोहरीची तयार पेस्ट लावून वाळवतात! दोन्हींचे पहिले काम एकच: झोत शोषून त्याची उष्णता पत्र्याला देणे.

असे प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. टाइलच्या तुकड्यावर २५ चौकोन आखावेत. डावीकडून उजवीकडे वेग बदलावा, वरून खाली शक्ती. लेपाची जाडी तीच ठेवावी. मग एका नजरेत कळते, की कुठे ऊर्जा कमी पडली आणि कुठे झिलईच फुटली. चलांवर नियंत्रण म्हणजे काय, हे शिकवायला यापेक्षा चांगला तक्ता शोधावा लागेल.

ठिपक्यांचे चित्र

लेसर काळे करतो किंवा करत नाही. मग छायाचित्रातल्या करड्या छटा कशा येतात? वर्तमानपत्रातले एखादे जुने कृष्णधवल छायाचित्र भिंगाखाली पहा. करडा रंग तिथे नसतोच. असतात ते काळे ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ. लेसरही तसेच करतो. ०.१ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे एका मिलिमीटरमध्ये १० ठिपके. ५ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चित्रासाठी ५०० गुणिले ५००, म्हणजे अडीच लाख जागांचा निर्णय घ्यावा लागतो. पातेल्यावर ठिपक्यांनी नाव घालणारा कारागीर हेच करत असे, फक्त त्याचे ठिपके मोजके असत.

वर्गात करून पहा

लेसर नसतानाही चित्र धातूवर उतरवता येते. त्यासाठी झेरॉक्स पुरेशी आहे. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्क शहरातल्या ॲस्टोरिया येथे या पद्धतीची पहिली प्रत काढली. झेरॉक्सची काळी भुकटी म्हणजे कार्बन मिसळलेले प्लास्टिक. ते उष्णतेने पुन्हा मऊ होते, आणि त्याच्यातून वीज वाहत नाही. आपल्याला हे दोन्ही गुण हवे आहेत.

साहित्य: साध्या लोखंडी पत्र्याचा तुकडा (उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये असे तुकडे भंगारात मिळतील, जस्ताचा मुलामा नको), पॉलिश पेपर, इस्त्री, १.५ व्होल्टचे चार मोठे सेल, वायर, खिळा, कापूस, मीठ, नेलपॉलिश.

कृती: पारदर्शक प्लास्टिकवर मार्करने नाव लिहा. ते उलटे ठेवून गुळगुळीत कागदावर झेरॉक्स काढा, म्हणजे अक्षरे आरशातल्यासारखी येतील. पत्रा पॉलिश पेपरने घासा आणि त्याला बोट लावू नका. कागद पालथा ठेवून गरम इस्त्रीने दोन-तीन मिनिटे दाबा. पत्रा निवल्यावर पाण्यात भिजवून कागद बोटाने हलके चोळून काढा. काळी अक्षरे पत्र्यावर राहतील. तुटक्या जागा, कडा व मागची बाजू नेलपॉलिशने झाका. वायरपुरता एक कोपरा उघडा ठेवा.

सेल एकापुढे एक जोडा. पत्रा धन टोकाला जोडा. खिळ्याला कापूस गुंडाळून तो ऋण टोकाला जोडा. कापूस मिठाच्या पाण्यात बुडवून पत्र्यावर फिरवत रहा. खिळा पत्र्याला टेकू देऊ नका. कापूस हिरवट-काळा होईल, तो बदला. दहा मिनिटांनी धुऊन नेलपॉलिश रिमूव्हरने काळे पुसा. झाकलेला भाग वाचल्यामुळे अक्षरे उठावाची दिसतील. पत्रा कोरडा करून तेलाचा हात द्या, नाहीतर गंजेल.

किती लोखंड गेले? प्रवाह ०.५ अँपिअर असेल, तर दहा मिनिटांत ३०० कूलोम विद्युतभार वाहतो. ९६,५०० कूलोमला २८ ग्रॅम लोखंड विरघळते. म्हणजे इथे जास्तीत जास्त ०.०८७ ग्रॅम. उघडा भाग ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर खोली सुमारे ०.०२८ मिलिमीटर येते, वहीच्या कागदाच्या जाडीच्या पाव भागाएवढी. तरीही बोटाला ती जाणवते. नाजूक तराजू असेल तर आधी आणि नंतर वजन करून हिशेब ताडून पहा.

काय करू नये

अर्ध्या वॅटहून अधिक शक्तीचे लेसर सर्वांत धोकादायक, चौथ्या वर्गात मोडतात. त्यांचा भिंतीवरून परतलेला प्रकाशही डोळ्याला कायमची इजा करू शकतो. उघडे यंत्र वर्गात आणू नये. ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानात बंद झाकणाचे, धूर बाहेर टाकणारे यंत्र असेल, तर ते पाहायला मुलांना न्यावे.

रेक्झीन व पीव्हीसी यांवर लेसर चालवू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसाला घातक असतो आणि यंत्रही गंजवतो. कोल्हापुरी चपलेचे पारंपरिक चामडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले असते, त्यावर खूण करता येते. क्रोमिअमने कमावलेल्या चामड्यापासून मात्र दूर रहावे, कारण तापल्यावर त्यातून विषारी रूपातले क्रोमिअम तयार होऊ शकते. वरच्या प्रयोगात स्टीलचा चमचा घेऊ नये, तोही याच कारणासाठी.

शेवटी परीक्षा. लेप, रंग, टोनर, विद्युत्-कोरणी, अशा प्रत्येक पद्धतीचा एक तुकडा घ्या. प्रत्येक तुकडा घासणीने शंभर वेळा घासा, रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवा, आठवडाभर उन्हात ठेवा, आणि दर वेळी काय उरले ते नोंदवा. 'कायमची खूण' असे दुकानातल्या डबीवर लिहिलेले असते. पण एखादी खूण खरोखर टिकते की नाही, हे मुलांनी स्वतः केलेल्या या नोंदीतूनच ठरेल.