सह्याद्रीच्या नद्या आणि होडींतील साहस

पावसाळा लागला कीं घरोघरच्या तरुण मंडळींस माळशेजचे वेध लागतात. कल्याणहून मुरबाडमार्गें निघालें म्हणजे नाणेघाटाच्या पायथ्याशीं वैशाखरे गांव लागतें. तेथून कड्यांवरचे ओहोळ पाहिले कीं या पाण्यांत एखादी होडी लोटावी असें कोणाहि धाडसी मुलास वाटेल. रबरी फुगीर होड्या हल्लीं सहज विकत मिळतात. तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांनीं याचा वेळींच विचार केलेला बरा.

काळू नदी सह्याद्रीवरून उतरून मुरबाड तालुक्यांतून टिटवाळ्याकडे जाते. उगमाकडे तिचा उतार मोठा आणि पल्ला थोडा. पायथ्याशीं ऊन असतांहि घाटमाथ्यावरच्या सरीचें पाणी बघतां बघतां येऊन ठेपतें. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणानजीक एकाच कुटुंबांतील पांच जण ओढ्याच्या अशाच वाढलेल्या पाण्यांत वाहून गेले. त्यांच्यापाशीं होडी नव्हती, कीं पोहण्याची पैजहि नव्हती. पाणी गढूळ होऊन पालापाचोळा व काटक्या वाहून येऊं लागल्या कीं तत्क्षणीं कांठ गांठावा.

वेग दुप्पट झाला म्हणजे पाण्याचा रेटा चौपट होतो, हें शाळेंत शिकलेलें गणित नदींत उतरतांना कोणास आठवत नाहीं. त्यांतहि सर्वांत फसवी जागा म्हणजे लहानसा बंधारा. वरून पडणारें पाणी तळाशीं जातें आणि पृष्ठभागावरचें पाणी उलट भिंतीकडे ओढलें जातें. त्यांत सांपडलेली होडी किंवा माणूस पुन्हा पुन्हा भिंतीच्या पायथ्याशींच गरगरत राहतो. पोहण्याच्या तलावांत मिळविलेलीं पदकें तेथें कामाचीं नाहींत. पुरांत आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्याहि तशाच घातक. पाणी आरपार जातें, माणूस अडकतो.

हौस भागवावयाचीच असेल तर रायगड जिल्ह्यांतील कोलाडजवळची कुंडलिका पाहावी. तिच्या पाण्याची हकीकत मोठी गमतीची आहे. मुळा नदीचें पाणी खरें पाहतां कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास जावयाचें; तें मुळशीस अडविलें गेलें. (१९२१ चा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा.) १९२७ पासून तेथून तें भिऱ्याच्या वीजगृहांत उतरूं लागलें. वीज करून झाल्यावर तें कुंडलिकेंत सोडतात, म्हणून उन्हाळ्यांतहि तेथें सुमारें बारा किलोमीटर होडी चालते. प्रवाहांच्या सहा प्रतींपैकीं हा दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा. सोडलेलें पाणी मोजकें असतें, पण निर्धोक नसतें. नदीस पूर असतां तेथेंहि जाऊं नये.

पैसे भरण्यापूर्वीं नावाड्यास स्पष्ट विचारावें: डोक्यास टोप आहे काय, तरंगतें जाकीट अंगास घट्ट बसतें काय, सोबत दुसरी होडी आहे काय? विचारण्यांत संकोच कसला? होडींतून पडल्यास पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेनें पुढें ठेवावेत. उभें राहण्याची घाई करूं नये, कारण खडकाच्या फटींत पाय अडकला तर रेटा माणसास पालथें घालतो. पाणी गुडघ्याखालीं आल्यावरच उभें राहावें. बुडत्यास वांचविण्यास कोणी उडी घालूं नये. कांठावरून तरंगता दोर टाकावा. तो धरणाऱ्यानें छातीशीं धरावा, मनगटास मात्र कधींहि गुंडाळूं नये.