ड्रेसिंगच्या टेबलावरून थेट बर्फाच्या दरीत!

भाजल्याची वेदना एकदाच होऊन संपत नाही. खरी परीक्षा सुरू होते ती नंतर, ड्रेसिंगच्या वेळी. चिकटलेली पट्टी भिजवून सोडवायची, जखमेवरची मेलेली कातडी काढायची, धुवायचं, मलम लावायचं, पुन्हा बांधायचं... आणि हे एकदा नव्हे, कित्येक दिवस, बऱ्याचदा रोज. ट्रॉलीची चाकं वाजली की मोठ्यांच्याही पोटात गोळा येतो, मग सहा-सात वर्षांच्या पोराची काय कथा? बाहेर आई तोंडात पदर कोंबून उभी असते आणि आतून किंकाळ्या ऐकू येत असतात.

मॉर्फिनसारखी औषधं दिली जातातच. रुग्ण नुसता पडून असेल तेव्हा त्यांनी बऱ्यापैकी आराम पडतो, पण ड्रेसिंग सुरू झालं की ती अनेकदा तोकडी पडतात. बरं, डोस वाढवत न्यावा तर गुंगी, मळमळ, श्वास मंदावण्याचा धोका. मग करायचं काय?

अमेरिकेतल्या सिएटल शहरात या प्रश्नावर एक अजब तोड निघाली. १९९६च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठातले संशोधक हंटर हॉफमन आणि हार्बरव्ह्यू बर्न सेंटरमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पॅटरसन एकत्र आले. व्हर्चुअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी वास्तव, हे तेव्हा बहुतेकांना खेळ वाटत होतं. डोक्यावर हेल्मेटसारखं यंत्र चढवायचं, डोळ्यांसमोर छोटे पडदे. मान वळवली की समोरचं दृश्यही वळतं. थोड्या वेळात माणसाला वाटू लागतं, आपण तिथंच आहोत!

पहिल्या प्रयोगांत तर हाताशी होता तोच प्रोग्रॅम वापरला गेला. कोळ्यांना घाबरणाऱ्या माणसांची भीती घालवण्यासाठी बनवलेला, त्यात एक आभासी स्वयंपाकघर. (भाजलेल्या रुग्णाला स्वयंपाकघरात नेणं म्हणजे कमालच!) सोळा आणि सतरा वर्षांच्या दोन मुलांवरचा हा प्रयोग २००० साली ‘पेन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जखमेवरचं काम चालू असताना दोघांना काही वेळ साधा व्हिडिओ गेम दिला, काही वेळ हेल्मेट. हेल्मेट असताना दुखणं बरंच कमी जाणवलं, असं दोघांनीही सांगितलं.

मग खास भाजलेल्यांसाठी नवं जग तयार झालं, ‘स्नोवर्ल्ड’. ड्रेसिंगच्या वेळी रुग्णाला तो आगीचा प्रसंग पुन्हा आठवतो, म्हणून सगळीकडे बर्फच बर्फ. मूल एका निळसर दरीतून तरंगत जातं. वाटेत इग्लू, पेंग्विन, बर्फाचे बाहुले. त्यांच्यावर बर्फाचे गोळे मारायचे! हे मारणं महत्त्वाचं आहे. नुसतं बघायचं असतं तर टीव्ही पुरला असता. हात, डोळे, कान सगळेच गुंतले की नर्सच्या हातातल्या चिमट्याकडे लक्ष द्यायला मन मोकळं राहत नाही. त्यातून हेल्मेटमुळे चिमटा दिसतच नाही.

पण हा नुसता विसर की खरोखरचा आराम? वेदना म्हणजे जखमेतून निघून मेंदूत जाऊन पोहोचलेली तार नव्हे. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ सालीच मांडलं होतं की वाटेत पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. खेळताना फुटलेला गुडघा घरी आल्यावर ठणकू लागतो, तो उगाच नाही. हॉफमन यांच्या गटाने २००४ साली निरोगी स्वयंसेवकांना स्कॅनरमध्ये झोपवून पायाला सोसेल इतका चटका दिला. आभासी जगात असताना मेंदूच्या वेदनेशी निगडित भागांतली हालचालच निम्म्याहून अधिक घटलेली दिसली. म्हणजे पोरं उगीच ‘दुखत नाही’ म्हणत नव्हती.

मुलांचं दुखणं खरं मानायला वैद्यकशास्त्राला वेळच लागला म्हणायचा. १९८०च्या दशकापर्यंत तान्ह्या बाळांना वेदना फारशा कळत नाहीत, अशी समजूत डॉक्टरांतही होती आणि पुरेशी भूल न देता त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी तिला मोठा धक्का दिला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी प्रभावी वेदनाशामक दिलं तर ती अधिक सुखरूप राहतात, हे त्यांनी १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं.

पुन्हा हेल्मेटकडे. ही जादूची कांडी नाही. मुलांच्या वेदनांवरच्या सतरा चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेन या संस्थेने २०२० साली जो अहवाल दिला, तो सावध आहे: फायदा दिसतो, पण पुरावा अजून कच्चा. काहींना चक्कर येते, मळमळतं. फिट येणाऱ्या मुलांना हे यंत्र लावण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. चेहरा भाजला असेल तर हेल्मेट चढवणार कसं? त्यासाठी स्टँडच्या दांडीवर टांगलेला, चेहऱ्याला न टेकणारा चष्मा निघाला. आणि मुख्य म्हणजे, औषध बंद करून हे लावायचं नाही, औषधाच्या जोडीला लावायचं.

पूर्वी अशी यंत्रणा बड्या प्रयोगशाळांनाच परवडायची. आता ती मोबाइलच्या किमतीत मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात. तेव्हा आपल्याकडच्या बर्न वॉर्डांना या खर्चाचा विचार करायला हरकत नसावी.

तोवर आईवडिलांच्या हाती काहीच नाही असं नाही. कान टोचताना बाळाच्या तोंडात गुळाचा खडा देणाऱ्या आजीला लक्ष वळवण्याचं महत्त्व ठाऊक होतंच. इंजेक्शनच्या वेळी मुलाला मांडीवर घ्या, साबणाचे फुगे फुंकायला द्या, गोष्ट सांगायला लावा. ‘अजिबात दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका, पुढच्या वेळी ते विश्वास ठेवणार नाही. ‘रडलास तर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक तर घरातून हद्दपारच करा. आणि ड्रेसिंग असेल तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा, वेदनाशामक औषध किती वेळ आधी द्यायचं. ट्रॉली दारात आल्यावर दिलेल्या गोळीचा त्या वेळी काही उपयोग नसतो.