जुनें यंत्र व नवी प्रणाली

सन २०२५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १४ तारखेस मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित सांभाळ थांबविला, आणि तेव्हांपासून आमच्या सेलूसारख्या गांवांतील सुशिक्षित कुटुंबांपुढें एक खर्चाचा प्रश्न उभा राहिला आहे. मुलांच्या अभ्यासासाठीं व घरच्या हिशेबासाठीं घेतलेला संगणक धडधाकट आहे. पण 'विंडोज ११' त्यावर चढत नाहीं. तो मोडींत घालावा काय? दुकानदारास विचारण्यापूर्वीं, प्रणाली व यंत्र यांचें परस्परांशीं जमतें कसें, हें वाचकांनीं समजून घ्यावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्यास ठराविकच आज्ञा कळतात, व प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची आज्ञाभाषा निराळी. मेजावरच्या संगणकांत बहुधा इंटेल वा एएमडी यांची एक भाषा चालते. खिशांतल्या मोबाईलमध्यें एआरएम नांवाची दुसरी. प्रोसेसर, स्मृति, पडदा, कळफलक हीं सारीं ज्या फळीस जोडलेलीं असतात ती मदरबोर्ड. तिची मांडणीहि कारखान्यागणिक बदलते. असें असतां एकच प्रणाली शेंकडों प्रकारच्या फळ्यांवर चालते, हें नवल खरें.

कळ दाबतांच प्रथम जागा होतो तो फळीवरच सांठवून ठेवलेला एक लहानसा कार्यक्रम. पूर्वीं त्यास बायोस म्हणत. आतां त्याची जागा यूईएफआयनें घेतली आहे. तो यंत्रें तपासतो, व फळीवर काय कोठें आहे याचे तक्ते प्रणालीच्या हवालीं करतो. पुष्कळशीं जोड-यंत्रें आपल्या निर्मात्याचा व जातीचा क्रमांक स्वतःच सांगतात. तो पाहून प्रणाली त्या यंत्राचा 'ड्रायव्हर', म्हणजे त्या एका यंत्राची भाषा जाणणारा दुभाषी, हुडकून कामास लावते. ज्या लहान एआरएम फळ्यांवर यंत्रें आपण होऊन बोलत नाहींत, तेथें बहुधा फळीच्या वर्णनाची 'डिव्हाइस ट्री' नांवाची यादी प्रणालीस पुरवावी लागते.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस ही युक्ति परकी वाटणार नाहीं. तृतीयेच्या एकवचनाचा प्रत्यय पाणिनीनें एकच सांगितला, 'टा'. 'मरुत्' शब्दास तो लागून 'मरुता' होतें. परंतु अकारान्त 'देव' शब्दापुढें त्याच 'टा'च्या जागीं 'इन' हा आदेश येऊन 'देवेन' होतें. बोलणाराच्या मनांत तृतीया असली म्हणजे पुरे. रूपाची काळजी व्याकरण वाहतें. त्याचप्रमाणें लिहिण्याचा कार्यक्रम 'हें कागदावर छाप' एवढेंच म्हणतो. कोणत्या छपाईयंत्रास कोणती आज्ञा द्यावी, हें ड्रायव्हर पाहतो. प्रणालीचा मोठा भाग उत्सर्ग, म्हणजे सर्वत्र लागू. थोडा भाग अपवाद, म्हणजे त्या त्या यंत्रापुरता.

ही विभागणी प्रथमपासून नव्हती. बेल प्रयोगशाळेंतील केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणाली १९७३ सालीं सी भाषेंत पुन्हा लिहिली, तेव्हां ती एका यंत्राच्या दावणींतून सुटली. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती अगदीं निराळ्या घडणीच्या यंत्रांवर नेण्यांत आली. आपल्याकडील उदाहरण पुण्याच्या सी-डॅक संस्थेचें. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं सिद्ध झालेला 'परम ८०००' हा महासंगणक ट्रान्सप्युटर जातीच्या प्रोसेसरांवर उभा होता. ती जात मागें पडली. पुढें 'परम ९०००' मध्यें स्पार्क, 'परम पद्म' मध्यें आयबीएमचे पॉवर४, व २००८ च्या 'परम युवा' मध्यें इंटेलचे प्रोसेसर आले. सतरा वर्षांत पाया इतक्या वेळां बदलला! जें गणित एकाच प्रोसेसरच्या भाषेंत जखडून लिहावें, तें त्याच्याबरोबरच जुनें होतें. जें सर्वसामान्य भाषेंत लिहावें, तें नव्या पायासाठीं पुन्हा भाषांतरित करून बरेंचसें चालवितां येतें.

मात्र हें जुळवून घेणें फुकट होत नाहीं. आमच्या भागांत मीटरगेज होती त्या काळीं ब्रॉडगेजवरून आलेला माल मनमाडास एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरावा लागे. दोन रुळांचा मेळ हमालांच्या खांद्यावर होता. प्रणालींतील अपवादहि कोणीतरी जन्मभर सांभाळावे लागतात. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं लिनक्स रचली ती इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. आणि २०१३ च्या ३.८ या आवृत्तींत त्याच लिनक्सनें ३८६ ला निरोप दिला, कारण त्याचें ओझें वाहण्याइतकी गरज उरली नव्हती. विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व ठराविक यादींतले प्रोसेसर मागितले आहेत. आपला संगणक त्या रेषेबाहेर पडला, एवढाच त्याचा अर्थ. तो मोडला असा नव्हे.

तेव्हां गृहस्थांनीं प्रथम कागदपत्रें व छायाचित्रें दुसरीकडे उतरवून घ्यावीं. मग टीपीएमची सोय असून ती यूईएफआयमध्यें बंद तर ठेवलेली नाहीं ना, हें जाणत्याकडून पाहून घ्यावें. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर डेबियन किंवा सी-डॅकचीच 'बॉस' अशी एखादी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून, आंतलें कांहींहि न पुसतां, चालवून पाहावी. पडदा, ध्वनि, इंटरनेट, छपाईयंत्र व मराठी टंकलेखन या पांचांची परीक्षा घ्यावी. प्रोसेसर ३२ बिटांचा असल्यास मात्र नव्या आवृत्त्या मिळणें कठीण झालें आहे. सांभाळ थांबलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करूं नयेत, हेंहि घरांतल्या सर्वांस बजावून ठेवावें. एवढें करूनहि जमलें नाहीं, तरच नव्या यंत्राच्या खर्चास हात घालावा.